प्रश्नोत्तरं: डिव्हाइसट्रीची स्कीमा बदलताना आणि तपासताना

यूएसबीला लावलेलं उपकरण आपली ओळख आपण होऊन सांगतं. एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह बोर्डावर आयटूसीच्या दोन तारांना जोडलेला तापमापक मात्र मुका असतो. तो कुठल्या पत्त्यावर आहे, त्याची इंटरप्टची तार कुठे जाते, त्याला वीज कोण पुरवतं, हे सगळं कर्नलला कोणीतरी लिहून द्यावं लागतं. ते लिखाण म्हणजे डिव्हाइसट्री. तिचं मूळ ओपन फर्मवेअरमध्ये, म्हणजे १९९४ च्या आयईईई १२७५ मानकात आहे. कुठल्या चिपच्या नोंदीत काय असावं आणि काय नसावं याचे नियम म्हणजे बाइंडिंग. लिनक्सच्या झाडात (म्हणजे त्याच्या स्रोत-फाइलींच्या संग्रहात) हे नियम आधी साध्या मजकुरात असायचे आणि ते पाळले जातात की नाही हे माणसाने डोळ्यांनी पाहायचं असायचं. २०१८ च्या अखेरीपासून ते याम्ल या मजकुरी रूपात, जेसन-स्कीमाच्या व्याकरणात लिहिले जाऊ लागले आणि यंत्राला तपासता येऊ लागले.

अशा स्कीमांत, म्हणजे नियमांच्या या फाइलींत, बदल करणाऱ्या आणि दुसऱ्यांचे बदल तपासणाऱ्या वाचकांचे प्रश्न इथे घेतले आहेत. आज्ञा आणि गुणधर्मांची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापली आहेत. टंकताना ती जोडरेघा आणि अधोरेखांसकट रोमनमध्ये टंकावीत.

प्रश्न: आमच्या नव्या एसओसीतला (एकाच चिपवर बसवलेल्या यंत्रणेतला) आयटूसी कंट्रोलर जुन्यासारखाच आहे. म्हणून स्कीमेच्या 'कम्पॅटिबल' यादीत एक नाव वाढवलं आणि ड्रायव्हरच्या तक्त्यात एक ओळ घातली. एवढ्या छोट्या पॅचवर (बदलाच्या प्रस्तावावर) समीक्षकाने विचारलं, 'मग फॉलबॅक का नाही?' त्याला नेमकं काय हवं आहे? (पुणे)

'कम्पॅटिबल' मध्ये एकच नाव लिहायचं असं बंधन नाही, ती यादी आहे. आधी सगळ्यात नेमकं नाव येतं आणि त्यानंतर ही चिप ज्या जुन्या चिपशी जुळते तिचं नाव येतं. कर्नल आधी पहिल्या नावाचा ड्रायव्हर शोधतो, तो सापडला नाही तर दुसऱ्या नावाचा घेतो. हे दुसरं नाव म्हणजे फॉलबॅक.

समजा जुना कंट्रोलर 'अबक,एम१००-आयटूसी' आहे आणि तुमचा 'अबक,एम२००-आयटूसी'. आता स्वतःला एकच प्रश्न विचारा: ज्या ड्रायव्हरने एम२०० हे नाव कधी ऐकलेलंच नाही, तो या चिपला एम१०० समजून चालवू लागला, तर एम१०० ची सगळी कामं नीट होतील का? होत असतील तर दोन्ही जुळतात. नव्या चिपमध्ये दोन सोयी जास्त असल्या तरी हरकत नाही, जुन्या सोयी जुन्या जागी असल्या की पुरे. याउलट एखादं रजिस्टर हललं असेल किंवा एखाद्या बिटाचा अर्थ बदलला असेल, तर जुळत नाहीत.

समीक्षकाला संशय आला तो तुमच्याच ड्रायव्हरच्या पॅचमुळे. तक्त्यात दोन्ही नावांपुढे एकच डेटा आहे, म्हणजे ड्रायव्हर दोघांत काहीही फरक करत नाही. दोन्ही चिप जुळतात याचा एवढा सरळ पुरावा तुम्हीच दिला आहे. तेव्हा स्कीमेत 'वनऑफ' खाली दोन पर्याय ठेवा. पहिला म्हणजे जुनं नाव एकटं, 'कॉन्स्ट' (ठरावीक किंमत) म्हणून. दुसरा म्हणजे दोन 'आयटेम्स': त्यातला पहिला 'ईनम' (चालणाऱ्या किमतींची यादी) आणि त्यात एम२००, दुसरा 'कॉन्स्ट' एम१००. पुढे एम३०० आली की त्याच 'ईनम'मध्ये अक्षरक्रमाने एक ओळ वाढेल. आणि तुमच्या पॅचांच्या मालिकेतला ड्रायव्हरचा पॅच पूर्ण गळून पडेल, कारण जुना ड्रायव्हर फॉलबॅकवरच जोडला जाईल.

मग नवं नाव लिहायचंच कशाला, हा प्रश्न पुष्कळांना पडतो. उत्तर असं की उद्या एम२०० च्या सिलिकॉनमध्ये एखादा दोष सापडला, तर विकल्या गेलेल्या बोर्डांच्या डीटीबीत (डिव्हाइसट्रीच्या बांधून तयार केलेल्या रूपात) ते नेमकं नाव आधीपासून हवं. ते असेल तर ड्रायव्हर त्या नावावर नजर ठेवून दोष टाळू शकतो. नसेल तर एम१०० आणि एम२०० वेगळे ओळखण्याचा काहीच मार्ग उरत नाही. याच कारणासाठी नावात 'एम१xx' सारखे सर्वसमावेशक पोकळ अंक चालत नाहीत. तुमच्या चिप खरंच जुळत नसतील, तर कमिटच्या मजकुरात कुठलं रजिस्टर कुठे हललं ते एका वाक्यात लिहा. तो प्रश्न मग येणारच नाही.

प्रश्न: माझ्या संगणकावर तपासणी स्वच्छ जाते. पॅच पाठवला की बॉट (आलेले पॅच आपोआप तपासणारा प्रोग्राम) चुका दाखवतो. असं का होतं? तपासणीची योग्य पद्धत कोणती?

बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं. डीटीस्कीमा हे हत्यार जुनं असतं, याम्ललिंट बसवलेलंच नसतं, किंवा तपासणी फक्त स्वतःच्या फाइलीपुरती केलेली असते.

डीटीस्कीमा पायथनचं पॅकेज आहे. 'पिप' ने अपग्रेडच्या पर्यायासह बसवा. नव्या डेबियन-उबुंटूवर यंत्रणेच्या पायथनमध्ये 'पिप' अडवलं जातं, तिथे 'पिपएक्स' किंवा वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट वापरा. डीटीबी वाचण्याचा भाग बांधावा लागला तर 'स्विग' आणि पायथनची डेव्हलपमेंट पॅकेजं लागतात. याम्ललिंट (याम्लची मांडणी तपासणारं हत्यार) नसलं तरी तपासणी फक्त एक इशारा देऊन पुढे जाते, म्हणून घोळ लक्षात येत नाही. ते आठवणीने बसवा.

नंतरचा क्रम असा. आधी 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' ला 'डीटी_स्कीमा_फाइल्स=' पुढे तुमच्या फाइलीचं नाव देऊन चालवा. पूर्ण मार्ग देण्याची गरज नाही, नावाचा तुकडा पुरतो. यात स्कीमा स्वतः व्याकरणशुद्ध आहे का आणि तिच्यातलं उदाहरण तिच्याच नियमांत बसतं का, हे कळतं. ते स्वच्छ झालं की तीच आज्ञा फाइलीचं नाव न देता एकदा पूर्ण चालवा. हा टप्पा लोक वेळ वाचवायला गाळतात आणि तिथेच फसतात. तुमची स्कीमा दुसरी कोणी 'रेफ' ने ओढून घेत असेल, किंवा तुमच्या चिपची नोंद एखाद्या मोठ्या एमएफडीच्या (अनेक कामं करणाऱ्या चिपच्या) उदाहरणात असेल, तर मोडतोड त्या फाइलीत दिसते, तुमच्या नाही.

तिसरा टप्पा खऱ्या बोर्डांचा: 'मेक डीटीबीएस_चेक', आर्किटेक्चर आणि डेफकॉन्फिग (तयार कॉन्फिगरेशन) देऊन. एकाच बोर्डाची तपासणी हवी असेल तर 'मेक चेक_डीटीबीएस=वाय' आणि पुढे उत्पादकाच्या फोल्डरसकट डीटीबीचं नाव. इथे एक मेख आहे. तुमच्या कॉन्फिगमध्ये त्या उत्पादकाचा प्लॅटफॉर्म चालू नसेल तर त्याचे डीटीबी बांधलेच जात नाहीत, मग चुका कुठून दिसणार? पडदा स्वच्छ दिसला की आधी किती डीटीबी खरोखर तपासले गेले ते मोजा.

बॉटचा पाया सहसा ताज्या आरसी-१ चा (कर्नलच्या येऊ घातलेल्या आवृत्तीच्या पहिल्या चाचणी-आवृत्तीचा) असतो. तुमचा पॅच दुसऱ्या कोणाच्या अजून न घेतलेल्या हेडरवर टेकला असेल तर बॉट अडखळणारच. ते अवलंबित्व कव्हर लेटरमध्ये (मालिकेच्या प्रस्तावनेत) किंवा पॅचमधल्या तीन जोडरेघांच्या खाली लिहा.

प्रश्न: चुका दाखवणारे संदेश वाचून डोकं चक्रावतं. 'रेग' (पत्ता आणि आकार सांगणारा गुणधर्म) बरोबर असूनही 'टू लाँग' म्हणतो, आणि स्कीमेत लिहिलेला गुणधर्म 'अनएक्स्पेक्टेड' म्हणतो.

पहिल्याचं कारण उदाहरणात आहे. तपासणीचं हत्यार तुमचं उदाहरण एका आपोआप बनवलेल्या वेष्टणात ठेवतं आणि त्या वेष्टणात पत्त्याला एक सेल (३२ बिटांचा आकडा), आकाराला एक सेल असं धरलेलं असतं. तुम्ही ६४-बिट बोर्डाच्या डीटीएसमधून (डिव्हाइसट्रीच्या मजकुरी फाइलीतून) 'रेग' उचलून चिकटवलं, तर त्यात चार सेल आहेत: शून्य, पत्ता, शून्य, आकार. हत्यार त्याच्या दोन-दोनच्या दोन जोड्या करतं. स्कीमा म्हणते 'मॅक्सआयटेम्स: १'. म्हणून 'टू लाँग'. दोन्ही शून्यं काढून टाका, झालं. 'मॅक्सआयटेम्स' वाढवून चूक गप्प करणारे पॅचही येतात आणि ते परत जातात.

आयटूसी किंवा एसपीआयच्या उपकरणाला आकारच नसतो. म्हणून उदाहरणात त्याच्याभोवती 'आयटूसी' नावाचा नोड घाला, पत्त्याचे सेल १ आणि आकाराचे सेल ० द्या. 'सिंटॅक्स एरर' आला आणि ओळीत 'आयआरक्यू_टाइप_लेव्हल_लो' किंवा 'जीआयसी_एसपीआय' सारखं काही असेल, तर उदाहरणाच्या डोक्यावर त्या हेडरचं 'इन्क्लूड' राहिलं आहे. उदाहरण सी प्रीप्रोसेसरमधून जातं, त्यामुळे ती नावं त्याला कळायला हेडर लागतोच.

दुसरा संदेश, 'अनइव्हॅल्युएटेड प्रॉपर्टीज आर नॉट अलाउड', बऱ्याचदा दुय्यम असतो. तुमची स्कीमा 'रेफ' ने एखादी सामायिक स्कीमा ओढते. त्या सामायिक स्कीमेत कुठेतरी, समजा एका आकड्याच्या मर्यादेवर, तपासणी नापास झाली. मग जेसन-स्कीमाच्या नियमाप्रमाणे त्या स्कीमेने ओळखलेले सगळेच गुणधर्म 'न ओळखलेले' ठरतात आणि यादीच्या यादी बाहेर येते. म्हणून आधी त्याच नोडवरची दुसरी, बारीक दिसणारी चूक शोधून ती दुरुस्त करा. ही यादी बहुधा आपोआप नाहीशी होते. एवढं करूनही एकच नाव उरलं, तर तो गुणधर्म खरंच लिहायचा राहिला आहे.

ओघात आलंच आहे तर: वरच्या पातळीवर दुसरी स्कीमा ओढली असेल तर 'अनइव्हॅल्युएटेडप्रॉपर्टीज: फॉल्स', ओढली नसेल तर 'ॲडिशनलप्रॉपर्टीज: फॉल्स'. दुसऱ्याला ओढलेल्या स्कीमेतले गुणधर्म दिसतच नाहीत. दोन्हींपैकी काहीच नसेल तर स्पेलिंगच्या चुकाही बिनबोभाट पास होतात.

'वनऑफ कंडिशनल फेल्ड' खाली प्रत्येक पर्याय का नापास झाला त्याची यादी येते. तुम्हाला अभिप्रेत असलेला पर्याय शोधा आणि त्याच्याच ओळी वाचा. बाकीचे नापास होणारच होते.

प्रश्न: आमच्या डिस्प्ले ब्लॉकला तिसरा क्लॉक लागतो, हे उशिरा कळलं. जुन्या चिपच्या स्कीमेत दोनच आहेत. मी तिसरा यादीच्या सुरुवातीला घातला (मॅन्युअलमध्ये तोच पहिला आहे) आणि 'रिक्वायर्ड' केला. ड्रायव्हरही बदलला, सगळं चालतं. तरी 'एबीआय (कर्नल आणि डीटीबी यांच्यातला करार) मोडला' म्हणून पॅच परत आला. (नाशिक)

तुमच्या टेबलावर चालतं, कारण तिथे कर्नल आणि डीटीबी दोन्ही आजचे आहेत. बाहेर तसं नसतं. डीटीबी अनेकदा बोर्डाच्या फ्लॅशमध्ये फर्मवेअरबरोबर जाऊन बसलेला असतो आणि कर्नल मात्र वरचेवर नवा होतो. त्या जुन्या डीटीबीत दोनच क्लॉक आहेत आणि पहिला आहे 'बस'. तुमचा नवा ड्रायव्हर पहिल्या क्रमांकाचा क्लॉक मागेल तेव्हा त्याला भलताच मिळेल, आणि तिसरा मिळाला नाही म्हणून तो उठायलाच नकार देईल. ग्राहकाने फक्त कर्नल बदललेला असतो आणि पडदा काळा पडतो.

या नोंदी वाचणारा लिनक्स एकटाही नाही. यू-बूटने २०२४.०७ या आवृत्तीपासून कर्नलच्या झाडातले डीटीएस जसेच्या तसे घेण्याची सोय केली आहे आणि फ्रीबीएसडीही तेच वापरतं. तुमच्या मालिकेत लिनक्सचा ड्रायव्हर सुधारला तरी या दोघांचे ड्रायव्हर कोण सुधारणार? म्हणून यादीतला क्रम हा कराराचा भाग धरतात, 'क्लॉक-नेम्स' असलं तरीही. मॅन्युअलमधल्या क्रमाला इथे काही वजन नाही. नवा क्लॉक शेवटी जातो:

    क्लॉक-नेम्स:
      मिनआयटेम्स: २
      आयटेम्स:
        - कॉन्स्ट: बस
        - कॉन्स्ट: कोअर
        - कॉन्स्ट: पिक्सेल

'क्लॉक्स' मध्येही तसंच, प्रत्येक आयटेमला एका ओळीचं वर्णन देऊन. 'आयटेम्स' ची यादी दिली की 'मॅक्सआयटेम्स: ३' लिहू नका. यादीची लांबी तेच सांगते आणि मेटा-स्कीमा (स्कीमा तपासणारी स्कीमा) त्यावर हरकत घेते.

एवढ्यावर थांबलात तर स्कीमा जरा जास्तच सैल राहते, कारण कुठल्याही चिपला दोन किंवा तीन काहीही चालेल असा तिचा अर्थ होतो. म्हणून 'ऑलऑफ' खाली 'इफ' लावून नव्या चिपला 'मिनआयटेम्स: ३' करा. जुन्या चिपच्या हार्डवेअरमध्ये तिसरा क्लॉक नसेलच तर तिला 'मॅक्सआयटेम्स: २'.

तुमच्या प्रश्नात मात्र एक वेगळा प्रसंग दडला आहे. जुन्या चिपलाही तिसरा क्लॉक पहिल्यापासून लागतच होता, पण बूटलोडर तो चालू करून ठेवायचा म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, असं असू शकतं. तेव्हा स्कीमा खऱ्या हार्डवेअरप्रमाणे दुरुस्त करणं योग्य आहे, तिसरा क्लॉक 'रिक्वायर्ड' करणंही मान्य होऊ शकतं. अट अशी की कमिटच्या मजकुरात हे कारण आणि एबीआयवरचा परिणाम स्पष्ट लिहायचा, आणि ड्रायव्हरने मात्र तो क्लॉक ऐच्छिक म्हणूनच मागायचा, म्हणजे जुन्या डीटीबीवर तो आजपर्यंत चालला तसाच चालत राहील. स्कीमा कडक आणि ड्रायव्हर सोशिक, ही जोडी चांगली जमते.

गुणधर्माचं नाव बदलायचं असेल तेव्हाही हाच विचार. जुनं नाव पुसू नका, त्याला 'डेप्रिकेटेड: ट्रू' लावा, नवं नाव शेजारी द्या, ड्रायव्हरला दोन्ही वाचू द्या. नुसतं जुनं नाव दिसायला बरं नाही म्हणून बदलणार असाल, तर बदलूच नका.

प्रश्न: 'इफ-देन' लिहिलं, पण अट भलत्याच नोडांना लागू होते.

यात दोन सापळे आहेत आणि दोन्ही मुरलेल्या लोकांनाही फसवतात.

पहिला जेसन-स्कीमाच्या मुळातला. 'इफ' मध्ये 'प्रॉपर्टीज' खाली 'अबक,मोड' ला 'कॉन्स्ट: १' असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला वाटतं 'मोड १ असेल तर'. हत्याराला ते कळतं 'मोड असेल आणि १ नसेल, तर नापास'. ज्या नोडात मोड लिहिलेलाच नाही तो मग आपोआप पास होतो आणि 'देन' त्यालाही लागतं. 'इफ' च्या आतच 'रिक्वायर्ड' खाली 'अबक,मोड' लिहा, की सापळा मिटतो.

दुसरा फॉलबॅकमुळे येतो. 'कम्पॅटिबल' ही यादी असल्यामुळे अटीत 'कन्टेन्स' वापरतात, ते बरोबर. पण 'कन्टेन्स: कॉन्स्ट: अबक,एम१००-आयटूसी' लिहिलं की एम२०० सुद्धा त्यात सापडते, कारण तिच्या यादीत एम१०० फॉलबॅक म्हणून बसलेलं आहे! जुन्या चिपसाठी लावलेला 'मॅक्सआयटेम्स: २' नव्या चिपलाही आवळतो आणि तिचा तिसरा क्लॉक नापास होतो. म्हणून अट शक्यतो नेमक्या, नव्या नावावर लावा आणि जुन्यासाठीचा नियम 'एल्स' मध्ये ठेवा.

लिहिलेली अट खरंच काम करते का, हे पाहण्याचा एकच भरवशाचा उपाय आहे: उदाहरणात मुद्दाम चूक करा. एक क्लॉक काढून टाका, 'मेक डीटी_बाइंडिंग_चेक' चालवा. चूक दाखवली तर अट जिवंत आहे. मग उदाहरण पूर्ववत करा. यात दोन मिनिटं जातात, पण चुकीच्या उदाहरणावर न ओरडणारी अट समीक्षकाच्या नजरेतूनही सहज निसटते.

एक गुणधर्म असला तर दुसरा हवाच, एवढंच म्हणायचं असेल तर 'इफ' ची गरज नाही. 'डिपेंडंटरिक्वायर्ड' च्या दोन ओळींत काम होतं.

प्रश्न: टाइमआउटचा गुणधर्म 'अबक,टाइमआउट' असा ठेवला, प्रकार 'यूइंट३२'. नावावर आक्षेप आला.

एकक नावातच हवं: 'अबक,टाइमआउट-एमएस'. मिलिसेकंदाला '-एमएस', मायक्रोसेकंदाला '-यूएस', व्होल्टेजला '-मायक्रोव्होल्ट', प्रवाहाला '-मायक्रोॲम्प', रोधाला '-ओम्स', वारंवारतेला '-एचझेड'. असं प्रमाण शेपूट लागलं की प्रकार आपोआप ठरतो, मग 'रेफ' ने 'यूइंट३२' पुन्हा लिहिलंत तर तीही चूक धरली जाते. किमान, कमाल आणि डीफॉल्ट मात्र द्या.

त्याआधी एक विचार करा. हा आकडा बोर्डागणिक बदलतो का? एका चिपमध्ये तो नेहमी तोच असेल, तर तो 'कम्पॅटिबल' वरूनच ड्रायव्हरला कळतो आणि गुणधर्म हवाच कशाला? आणि वापरणाऱ्याच्या आवडीप्रमाणे बदलणारा असेल, तर तो हार्डवेअरचा गुण नाही, त्याची जागा डिव्हाइसट्रीत नाही.

प्रश्न: मला दुसऱ्यांचे स्कीमांचे पॅच तपासायला सुरुवात करायची आहे. काय आधी पाहावं? 'रिव्ह्यूड-बाय' केव्हा द्यावं? (बंगळूर)

सुरुवात कमिटच्या मजकुरापासून करा. त्यात 'नवं नाव वाढवलं' एवढंच असेल तर ते डिफमध्येही दिसतंच आहे. मजकुराने हार्डवेअरबद्दल सांगायला हवं: ही चिप काय करते, जुन्या चिपपेक्षा कुठे वेगळी आहे. वर्णनात 'ड्रायव्हर' हा शब्द दिसला की थांबा. 'ड्रायव्हरला हे लागतं म्हणून' हे स्कीमेत काही घालण्याचं कारण होऊ शकत नाही. त्याच जागी 'या पिनवर रीसेटची तार आहे' असं म्हणता येतं का, ते विचारा.

मग डेटाशीट उघडा, निदान तिचं पिनांचं आणि वीजपुरवठ्याचं पान. इथे माणूस यंत्राच्या पुढे जातो. स्कीमेत एकही 'सप्लाय' नाही आणि चिपला व्हीडीडी आणि व्हीडीडीआयओ असे दोन पुरवठे आहेत, हे कुठलंही हत्यार सांगणार नाही. रीसेटची पिन, इंटरप्टच्या दोन तारा, शटडाऊनची पिन यांची नोंद आज ड्रायव्हर वापरत नसला तरी हवी. हार्डवेअर पूर्ण लिहायचं, वापर नंतर होईल. एखादं उपकरण अगदीच साधं असेल, पत्ता आणि फार तर एक इंटरप्ट, तर वेगळी फाइल न करता 'ट्रिव्हियल-डिव्हाइसेस' मध्ये एक ओळ पुरते. पण पुरवठ्याचं पान पाहिल्याशिवाय ते ठरवू नका.

उत्पादकाच्या नावाचा नवा गुणधर्म दिसला की सामायिक स्कीमांत तोच अर्थ सांगणारं काही आहे का ते शोधा. एलईडी, रेग्युलेटर, बॅटरी, एसपीआयच्या उपकरणांचे सामायिक गुणधर्म यांच्या स्कीमा आधीच आहेत. नवा उत्पादक असेल तर 'व्हेंडर-प्रीफिक्सेस' मध्ये त्याची नोंद, अक्षरक्रमाने, वेगळ्या पॅचमध्ये आहे का पाहा.

मालिकेची रचनाही पाहा. स्कीमेचा पॅच वेगळा आणि ड्रायव्हरच्या आधी हवा, दोन्ही एकत्र असतील तर 'चेकपॅच' हे कर्नलचं हत्यारही तक्रार करतं. बोर्डाचा डीटीएस शेवटी. शीर्षकात 'डिव्हाइसट्री बाइंडिंग फॉर' असे शब्द नकोत, चिपचं नाव पुरे. नव्या फाइलीचा परवाना 'जीपीएल-२.०-ओन्ली ऑर बीएसडी-२-क्लॉज' हवा, म्हणजे इतर प्रकल्पांनाही ती वापरता येते. फाइलीचं नाव 'कम्पॅटिबल' प्रमाणे. उदाहरणातल्या नोडचं नाव 'टेम्परेचर-सेन्सर' असं सर्वसाधारण, त्यात 'स्टेटस' ओळ नको, न वापरलेलं लेबल नको. मोकळ्या जागांच्या आणि अल्पविरामांच्या चुका शेवटी एकाच ओळीत सांगा. आधी त्याच सांगितल्या तर लेखक पुढची आवृत्ती फक्त त्यांच्यासाठी काढतो आणि फॉलबॅकचा प्रश्न तसाच राहतो.

'रिव्ह्यूड-बाय' देणं म्हणजे तांत्रिक तपासणी केली आणि गंभीर दोष उरला नाही असं नावानिशी सांगणं. डेटाशीट पाहिली नसेल तर ते देऊ नका. पाहिलेल्या भागापुरत्या टिप्पण्या द्या, त्याही मोलाच्या असतात. स्कीमेला 'टेस्टेड-बाय' देण्यात आमच्या मते अर्थ नाही, कारण ती चाचणी बांधणीतच होते. आणि लेखकाच्या बाजूने: नव्या आवृत्तीत स्कीमा बरीच बदलली असेल तर आधीचं 'रिव्ह्यूड-बाय' काढा आणि का काढलं ते लिहा. बदल किरकोळ असेल तर ते न विसरता पुढे न्या, 'बी४' या पॅच हाताळण्याच्या हत्याराचं 'ट्रेलर्स' हे काम करतं.

प्रश्न: विद्यार्थ्यांनी पहिलं काम म्हणून जुन्या मजकुरी बाइंडिंगचं याम्लमध्ये रूपांतर करावं का? आमच्याकडे तो बोर्ड नाही. (छत्रपती संभाजीनगर)

करावं, बोर्ड नसला तरी. पण भाषांतरासारखं ओळीला ओळ लावून नाही. जुना मजकूर, झाडातले सगळे डीटीएस आणि ड्रायव्हर हे तीन साक्षीदार समोर ठेवा. त्यांचं पटत नाही असं हमखास निघतं: मजकुरात तीन इंटरप्ट, डीटीएसमध्ये सगळीकडे दोन, ड्रायव्हर एकच वाचतो. वापरात असलेल्या डीटीएसना नापास करणारी स्कीमा लिहिण्याआधी डीटीएस चुकीचा आहे की मजकूर, हे ठरवा. मजकुरापासून जिथे फारकत घ्याल ती प्रत्येक गोष्ट कारणासह कमिटमध्ये लिहा. रूपांतराच्याच पॅचमध्ये नवी चिप घालू नका, तो पुढचा पॅच.

'मेंटेनर्स' मध्ये सबसिस्टिमच्या प्रमुखाचं नाव ठोकू नका, त्या हार्डवेअरची माहिती असलेल्याचं, ड्रायव्हर सांभाळणाऱ्याचं घाला. जुना मजकूर फक्त जीपीएलखाली असेल आणि त्यातली वाक्यं तशीच उचलणार असाल, तर दुहेरी परवान्यासाठी मूळ लेखकांची संमती लागते.

फाइल निवडताना ज्या 'कम्पॅटिबल' चा झाडात आज एक तरी डीटीएस आहे अशी निवडा. तिच्यावर 'मेक डीटीबीएस_चेक' चालवता येतं आणि 'फेल्ड टू मॅच एनी स्कीमा' हा इशारा तुमच्या पॅचनंतर गेला, हे लगेच दिसतं.